काविळीची माळ

वादळ आलं ते मोजून पंधरा मिनिटांचं. मे महिना, दुपारचे चार. बुऱ्हाणपूरकडच्या तुकईथडच्या शिवारात धूळ उठली आणि ती खाली बसेपर्यंत केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. पडल्या त्याही घडासकट. महिन्याभरात उतरायचा तो माल, पण कोवळ्या केळीला व्यापारी कशाला हात लावतो! बागवाल्यांनी कपाळाला हात लावला, आणि त्यांच्या मागोमाग केळी कापणाऱ्या टोळीनं. बागवाल्याकडे निदान पंचनामा करायला पटवारी तरी येतो. घड वाहणाऱ्याच्या रिकाम्या खांद्याचा पंचनामा कोण करणार?

टोळीत बारा गडी होते, त्यांतला एक उखर्डू. नाव ऐकून हसू नका. त्याची थोरली बहीण रंभाबाई, तिच्या पाठचे तीन भाऊ पाळण्यातच गेले. म्हणून चौथा झाल्याबरोबर आजीनं त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि तिथून उचलून घरात आणलं. टाकलेली वस्तू देव कशाला नेईल, असा त्यामागचा विचार. देवानं तो मानला. उखर्डू जगला, पंचेचाळिशीला आला, आणि अजून एका खेपेला दोन घड खांद्यावर घेऊन बांध चढायचा. देवानं नेली ती त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी कुसुम पांढरी पडत पडत गेली. लोक म्हणाले, हवा लागली. उखर्डू तेव्हा रावेरकडे कटाईला गेला होता. तो आला तेव्हा तिला आंघोळ घातलेली होती.

मागं उरली तृप्ती. पंधरा वर्षांची, नववी पास, हिंदी शाळेत शिकणारी आणि बापाशी निम्मं हिंदीत बोलणारी. घरात दोघंच. रंभाबाई दोन गल्ल्या सोडून राहायची, विधवा, गुडघे गेलेले. पण दोन वेळच्या भाकरी टाकायला ती येऊन जायची आणि येताना जिभेला विश्रांती देऊन यायची, म्हणजे इथं आल्यावर ती ताजी असायची.

टोळीचा मुकादम प्रभाकर, दोन पोरींचा बाप, मोठा खटपट्या माणूस. खकनारच्या रस्त्याला बायकांच्या समूहानं पत्र्याचं शेड घातलं होतं आणि तिथं केळीच्या खांबातून धागा काढायचं मशीन बसवलं होतं. त्यांना खांब हवे होते, बागवाल्यांना पडलेले खांब उचलून हवे होते. प्रभाकरनं दोन्हीकडे शब्द टाकला आणि घड वाहणारी टोळी खांब वाहू लागली. घडाचं ओझं अंगावर बसतं तरी. खांब गुळगुळीत, पाण्यानं भरलेला, खांद्यावरून निसटायचा. चिकानं सदरे काळे झाले. पण चूल पेटत होती आणि उखर्डूला तेवढं पुरे होतं.

त्याहून मोठं सुख वेगळंच होतं. तृप्ती सुट्टीभर त्याच शेडमध्ये शिकायला जायची. खांब उभा चिरायचा, एकेक सोपट, म्हणजे खांबाचा पदर, सोलायचं, ते मशीनच्या तोंडात किती वेळ धरायचं आणि नेमकं कधी मागं ओढायचं हे हाताला कळावं लागतं. बाकीच्या पोरींच्या हातात धाग्याचा गुंता यायचा. तृप्तीच्या हातात लांबसडक, पांढरा, सरळ धागा. उखर्डू खांब टाकायला जायचा तेव्हा दोरीवर वाळत घातलेल्या लडींतली तिची लड त्याला ओळखू यायची. कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा, "ते माह्या पोरीचं काम हाये."

पण मेच्या शेवटी पोरीचा हात मंदावला. चार पावलं चालली की ती भिंत धरायची. चेहरा उतरला, ओठांचा रंग गेला. एका सकाळी ती अंगणात बसलेली असताना रंभाबाईनं तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे केलं.

"उखर्डू, आंधळा हायेस का तू? पोर पिवळी पडली. कावीळ हाये हे."

"बुआ, कुछ नहीं हुआ," तृप्ती म्हणाली. "थोडं चक्कर येते फक्त."

"चक्कर काहून येते मंग? उन्हात त्या मशीनपाशी मरून राहिली. चल, चुडामण आबाची माळ घालू."

आता आमच्या भागात काविळीला माळ घालतात हे ज्याला माहीत नाही त्यानं इतकं समजावं: कुठल्याशा रानवेलीच्या बोटभर काड्या, त्या सुतात गाठी मारून गुंफायच्या, आणि ते कडं डोक्यावर टोपीसारखं बसवायचं. दिवसागणिक माळ आपोआप लांबते. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. पोटापर्यंत आली की कावीळ उतरली. चुडामण आबा हे काम चाळीस वर्षं करत होता. पैसा घ्यायचा नाही, फक्त नारळ, तोही बरं झाल्यावर. त्यानं तृप्तीच्या डोक्यावर माळ बसवली, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पथ्य सांगितलं. तेल नाही, तिखट नाही, डाळ नाही, हिरवी भाजी नाही. भात, ताक, उसाचा रस. आणि घराबाहेर पडायचं नाही.

झालं, पोरीचं शेड बंद झालं.

त्याच दिवसांत तृप्ती बाहेर बसली होती. म्हणजे तिला कावळा शिवला होता. उखर्डूच्या घरात त्याला याच्यापुढं नाव नव्हतं. तिचं ताट वेगळं, गोधडी वेगळी, आणि पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. रंभाबाईचे गुडघे असे, म्हणून त्या दिवसांत हापशावरून पाणी आणायचं ते उखर्डूनं. पहाटे दोन हंडे, कामावरून आल्यावर दोन. हापशावर बायका पदराआड हसायच्या. एकीनं एकदा म्हटलं, "उखर्डूभाऊ, तुमची बारी आली वाटते!" त्यानं मान खाली घालून हंडा भरला. कुठल्या कारणासाठी आपण हंडे उचलतो हे त्याला माहीत होतं, पण ते माहीत असल्याचं त्यानं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

माळ तिसऱ्या दिवशी गळ्यात आली. रंभाबाई खूश.

पाचव्या दिवशी उखर्डू खांबांची खेप घेऊन शेडवर गेला तर मशीन बंद. पोरी घोळक्यानं बसलेल्या आणि मधे कविता दीदी. ही गावची आशा कार्यकर्ती, तिशीची, नवरा कागदाच्या कारखान्यात कामाला, हिची सायकल मात्र चार गावांत फिरणारी. तिनं साडीवर कापडाचा एक एप्रन बांधला होता आणि त्यावर बाईच्या पोटातलं चित्र रंगवलं होतं. उखर्डूनं ते पाहिलं आणि खांब तिथंच टाकून शेडच्या मागं पळाला. पळाला खरा, पण पत्र्याला कान असतात. कविता दीदीचा आवाज सगळा इकडे येत होता.

"तीन दिवस, पाच दिवस, सात दिवस, इथपर्यंत ठीक. त्याच्यावर गेलं, कपडा घंट्या-घंट्याले बदलावा लागला, तं ते नशीब नही, ते दुखनं हाये. आपल्या बाया अंगावर काढतात. अंगावर काढून काढून रक्त संपते, अन् मंग लोक म्हनतात, हवा लागली."

उखर्डूचा हात चिकानं चिकटलेल्या सदऱ्यावरच थांबला. हवा लागली. त्यानं मनातल्या मनात दिवस मोजले. हंडे उचलायला लागलो तो मागचा सोमवार, की त्याच्याही आधीचा शनिवार? शनिवार. म्हणजे आज आठवा दिवस.

पण माळ तर उतरत होती! छातीवर आली होती. मग कावीळच असणार, आणि कावीळ बरी होत होती. माणसाला सोयीचं तेवढं पटतं. उखर्डूनं खांदा झटकला आणि पुढच्या खेपेला गेला.

हंडे उचलायला लागल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी माळ तृप्तीच्या पोटावर आली. रंभाबाईनं देवापुढं साखर ठेवली. "उतरली! सांगत नव्हती मी?" आणि ती साखर घेऊन अंगणात येते तो तृप्ती न्हाणीच्या दगडाशी पडलेली. आवाज न करता पडली होती. डोळे अर्धे उघडे, हात गार. उखर्डूनं तिला उचललं. खांदा ओझ्याचा जाणता होता. पोरीचं वजन त्याला एका घडाइतकंच लागलं. तिनं डोळे उघडून पहिला शब्द उच्चारला तो, "माफ करना, बाबा."

तिला खाटेवर टाकून तो धावत चुडामण आबाकडे गेला आणि म्हाताऱ्याला सायकलच्या कॅरिअरवर घालून घेऊन आला. चुडामण आबानं या खेपेला घाई केली नाही. तिला उजेडात घ्यायला लावलं. खालची पापणी ओढून आत पाहिलं. नख दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. डोळ्यांना कमी दिसत होतं म्हणून तिचा हात अगदी नाकाजवळ नेला. मग तो खाटेच्या कडेवर टेकला.

"उखर्डू, हे पिवळं नही रे. हे पांढरं हाये. पोरीत रक्त नही."

"पन आबा, माळ तं उतरली," रंभाबाई म्हणाली.

म्हाताऱ्यानं माळेची एक गाठ बोटांत धरून चाचपली. चाळीस वर्षांची कमाई माणूस एका वाक्यात घालवतो तेव्हा त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

"माळ उतरतेच, रंभा. काडी हिरवी असते तव्हा गाठ घट्ट बसते. काडी वायली, सुकली का गाठ ढिली होते, माळ लांबते. त्या दाराच्या खुंटीले टांगली असती तरी उतरली असती."

"मंग देतोस काहून लोकाइले?" उखर्डूचा आवाज चिरका निघाला.

"माळ गयात असली का मानूस दारू सोडते, तेल सोडते, पडून राहते. काविळीले तेच औषध. पन हिले मी डाळ-भाजी तोडायले लावली. मले दिसलं नही त्या दिवशी. चुकलं माहं." त्यानं माळ पोरीच्या गळ्यातून काढली आणि स्वतःच्या खिशात कोंबली. "इथं बसू नको आता. त्या कविताकडे पय."

उखर्डू पुढं जन्मभर सांगायचा, म्हातारा तेव्हा गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. खोटं चालू ठेवायला त्याला काही करावं लागणार नव्हतं. त्यानं खरं सांगितलं, हे त्याचे उपकार.

कविता दीदी अंगणात सायकल पुसत होती. उखर्डू फाटकाशी उभा राहिला, धापा टाकत. धावताना सगळं वाक्य जुळवलं होतं, पण समोर बाई उभी, आणि पंचेचाळीस वर्षांच्या तोंडाला तो शब्द माहीत नव्हता.

"काय झालं, दादा?"

"दीदी... तृप्ती... तिचं ते..." त्यानं इकडे तिकडे पाहिलं. शेजारचा म्हातारा ओट्यावर बिडी ओढत होता. घाम डोळ्यांत उतरला. आणि मग त्याला जे येत होतं तेच त्यानं सांगितलं. "दीदी, मी अकरा दिवसांपासून हंडे उचलून राहिलो."

कविता दीदीनं हातातलं फडकं खाली टाकलं. तिनं एक शब्द विचारला नाही की कुठले हंडे. "मागच्या महिन्यात किती दिवस उचलले?"

"नऊ. त्याच्या मागच्याले बी नऊ."

"कोनाले सांगितलं का नही?"

"कोनाले सांगू? अन् काय म्हनून सांगू?"

"पाळी म्हना, दादा. तोंड बाटत नही. पुढं दवाखान्यात डॉक्टरीन विचारीन तव्हा हंडे म्हनसान तं तिले समजनार नही." एवढं बोलेपर्यंत तिनं फोन काढला होता आणि गाडीसाठी नंबर लावला होता.

खकनारला बोटातून रक्त घेतलं. सिस्टरनं आकडा पाहिला, पुन्हा एकदा सुई टोचली, पुन्हा पाहिला. साडेचार. "बारह होना चाहिए," ती म्हणाली, आणि त्याच गाडीनं त्यांना बुऱ्हाणपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवून दिलं. रस्ताभर कविता दीदी तृप्तीचे तळपाय चोळत बसली. उखर्डू तिच्या दुसऱ्या अंगाला, हात कुठं ठेवावा ते न कळून गुडघ्यांवर ठेवलेले. तृप्ती मधेच डोळे उघडायची. तिनं एकदा विचारलं, "दीदी, बाबांना मालूम पडलं का?" दीदी म्हणाली, "त्यांनीच मले सांगितलं, बेटा." तृप्तीनं तोंड फिरवलं. तिच्या कानशिलावरून पाणी वाहताना उखर्डूला दिसलं.

डॉक्टरीण तरुण होती आणि तिला वेळ नव्हता. कागदावरून मान वर न करता तिनं विचारलं, "पीरियड कितने दिन चलता है?"

तृप्ती खाली बघू लागली. खोलीत आणखी दोन बायका, एक पोऱ्या, आणि सलाईन लावणारा माणूस. उखर्डू पुढं झाला.

"पाळी ग्यारा दिन, मॅडम. अभी भी चालू है. पिछले महीने नौ, उसके पहले भी नौ."

डॉक्टरिणीनं मान वर केली. चिकानं काळा झालेला सदरा, पायात टायरची चप्पल, आणि तोंडात तारखा. "आप पिताजी हैं?"

"हौ."

"और इसकी माँ को भी ऐसा होता था क्या?"

उखर्डूनं तोंड उघडलं. सोळा वर्षांचा संसार. कुसुमला भात आवडायचा की भाकरी, ती कुठल्या कुशीवर झोपायची, रागावली की किती दिवस बोलायची नाही, सगळं त्याला ठाऊक होतं. आणि हे एवढं ठाऊक नव्हतं. त्याच घरात कुणीतरी पाण्याचे हंडे भरतच असणार तेव्हाही. पण तो टोळीबरोबर गावोगाव, त्याला काय कळणार. "पता नहीं, मॅडम," तो म्हणाला. एवढी मान त्याची आयुष्यात कधी खाली गेली नव्हती.

रक्त द्यावं लागणार होतं. टोळीतल्या गड्यांत एक समज पक्का: रक्त दिलं की अंगातलं बळ जातं, मग घड उचलत नाही. उखर्डूचाही तो समज होताच. वजनकाट्यावर चढताना तो दोनदा मागं सरकला तेव्हा तिथला पोरगा गंमतीनं म्हणाला, "काका, डर गए?" "डर गया," उखर्डूनं कबूल केलं, आणि बाही वर केली. दुसरी पिशवी कविता दीदीच्या नवऱ्यानं कारखान्याची पाळी संपवून येऊन दिली. त्या माणसाशी उखर्डूचं तोपर्यंत रामराम म्हणण्यापलीकडे बोलणं नव्हतं. उखर्डूनं त्याचे पाय धरायला हात पुढं केले, तर तो मागं सरकून म्हणाला, "काय करता, दादा! माहीबी पोरगी हाये घरी."

थेंब थेंब रक्त उतरत होतं. चौथ्या दिवशी ओठांना रंग आला. डॉक्टरिणीनं जाताना सांगितलं, या वयात कधी कधी असं होतं, घाबरायचं नाही. गोळ्या वेळेवर, लोहाच्या गोळ्या सहा महिने, डाळ, पालेभाजी, गूळ, आणि दर महिन्याची तारीख लिहून ठेवायची. "पंधरा दिन की देरी और होती..." एवढं बोलून तिनं वाक्य सोडून दिलं. उखर्डूला ते पुरं ऐकायची गरज नव्हती. ते वाक्य तो तीन वर्षांपूर्वी पुरं जगला होता.

घरी आल्यावर रंभाबाई उखळाशी बसलेली दिसली, गूळ-शेंगदाणे कुटत. पाटीभर लाडू करून ठेवले होते. तिनं वर पाहिलं नाही. कुटता कुटताच म्हणाली, "कुसुमचंबी असंच होतं."

उखर्डू उंबऱ्यातच थांबला.

"मले माहीत होतं. ती मले सांगे. दहा दिवस, बारा दिवस. मी म्हनलं, बाईच्या जातीले असतेच, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोनाले बोलू नको." मुसळ थांबलं. "अन् या पोरीलेबी मी तेच सांगितलं रे."

उखर्डूला आतून असं काही उसळलं की त्याला वाटलं, हातानं ते उखळ फेकून द्यावं. तो बाहेर गेला आणि बराच वेळ अंगणात उभा राहिला. मग आत आला, लाडवांची पाटी उचलून तृप्तीच्या खाटेशी ठेवली आणि एक लाडू बहिणीच्या हातात दिला. "तूबी खाय, आक्का. तुह्या गुडघ्यात बी रक्त नही." रंभाबाई रडली, आणि रडता रडता तिनं लाडू खाल्लाही. ती तशी व्यवहारी बाई होती.

दुसऱ्या दिवशी तो नारळ घेऊन चुडामण आबाकडे गेला. म्हाताऱ्यानं घेतला नाही. "माळेनं बरी झाली का ती? मंग नारळ कायचा?" उखर्डूनं नारळ त्याच्या ओट्याच्या कडेवर आपटून फोडला आणि अर्धा त्याच्यासमोर ठेवून आला. पाठीमागून म्हातारा ओरडला, "आता येईन त्याची पापनी मी आधी पाहतो रे! माह्याच्यानं नही दिसलं तं नातवाले पाहायले लावतो!"

शेडवरच्या बायकांनी तृप्तीची जागा कुणाला दिली नव्हती. महिनाभरानं ती परत मशीनवर उभी राहिली, शनिवार-रविवारी, कारण शाळा सुरू झाली होती आणि दहावीचं वर्ष. चार किलोमीटर सायकल मारून ती जायची. पहिल्या दिवशी उखर्डू तिच्या सायकलमागं वेशीपर्यंत धावत गेला. ती ओरडली, "बाबा, जाओ ना! पोरी हसून राहिल्या!" तो हसला आणि झाडाआड उभा राहिला, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. त्या दिवशी त्यानं झाडालाही हात जोडले. कुणाकुणाला जोडायचे, हे त्याला अजून उमगत नव्हतं. कविता दीदीला, तिच्या नवऱ्याला, त्या डॉक्टरिणीला, म्हाताऱ्याला. पैशाचं देणं फिटतं. असं काही फिटत नाही, आणि उखर्डूला ते फिटायला नकोच होतं.

गोळ्यांनी गुण दिला. जुलैत पाळी सहा दिवसांत आटोपली.

ऑगस्टातली गोष्ट. सकाळची वेळ, रंभाबाई चुलीशी, उखर्डू ओट्यावर कोयत्याला धार लावत बसलेला. राहिलेल्या बागांतले घड तयार झाले होते, टोळी पुन्हा कटाईला लागली होती. शेजारची बाई विस्तव मागायला अंगणात उभी. तृप्ती गणवेश घालून, वेणी घालत घालत बाहेर आली आणि भर अंगणात म्हणाली,

"बाबा, आज माही पाळी आली. सतरा तारीख. कॅलेंडरवर मी लिहिलं, पर तुमीबी ध्यानात ठेवजा."

रंभाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. शेजारीण विस्तव विसरली. "अव पोरी, बापाले सांगतेस?" रंभाबाई पुटपुटली.

उखर्डू कोयता बाजूला ठेवून तिच्याकडे नुसता पाहत राहिला. तीन वर्षांपूर्वी या अंगणात कुणी असं एक वाक्य बोललं असतं तर. डोळे भरून आले ते त्यानं पुसलेही नाहीत.

"मले नही सांगनार तं कोनाले सांगीन, आक्का?" तो म्हणाला. मग पोरीला, "शाळेत जाशीन का आज?"

"जाना पडेगा. गणिताचा टेस्ट हाये," असं म्हणत तिनं सायकल काढली.

उखर्डू कामाला निघाला. विसरू नये म्हणून तो चालताना तोंडातल्या तोंडात सतरा, सतरा म्हणत होता. वेशीपाशी मुकादम प्रभाकर भेटला.

"काय रे, कायची तारीख घोकून राहिला? कोनाचं लगन हाये?"

उखर्डूनं सांगून टाकलं. "माह्या पोरीच्या पाळीची."

प्रभाकरचं पाऊल अडखळलं. त्यानं मागं-पुढं कुणी ऐकलं का ते पाहिलं आणि झपाझप चालू लागला. बागेचा बांध आला, टोळीतली माणसं दिसू लागली, तेव्हा प्रभाकर थांबला आणि चपलेतला नसलेला खडा काढत, मान वर न करता म्हणाला,

"ते कविता दीदीचं घर कोन्या गल्लीत हाये रे?"